पाठ केलेला तक्ता

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पुकारूमी गावात आता ही गोष्ट अशी सांगतात की जणू पोरांनी बाईंना फसवलं. पोरांनी कुणाला फसवलं नाही. मी जे शिकवलं तेच त्यांनी केलं, आणि फार मन लावून केलं.

अकरा वर्षं झाली मला या शाळेत. एक खोली, एक बाई, सहा इयत्ता, एकवीस मुलं. माझं नाव ऑरेलिया आहे, पण इथे ते फक्त पगाराच्या कागदावर असतं. जुलैमध्ये आम्हा डोंगरातल्या शिक्षकांना खाली याकुपाताला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर एवढ्या उंचावर येत नाहीत. म्हणून मुलांचे डोळे शिक्षकांनी तपासायचे, ज्यांना कमी दिसतं त्यांची यादी खाली पाठवायची, आणि ऑगस्टमध्ये डॉक्टर याकुपातापर्यंत येतील तेव्हा यादीतली मुलं तिथे न्यायची, असं ठरलं. एक तक्ता दिला, सहा मीटरची दोरी दिली, एक डोळा झाकायला पुठ्ठ्याचा चमचा दिला. तक्त्यावर अक्षरं नव्हती. एकच खूण, तीन दात्यांची, आपल्या शेतातल्या दाताळ्यासारखी. कधी दाते वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वरची खूण मुठीएवढी, आणि तळाच्या मक्याच्या दाण्याएवढ्या.

"तपासायच्या आधी मुलांना खेळ नीट समजावून सांगा," असं शिकवणारी नर्स म्हणाली. मी तेवढंच ध्यानात ठेवलं.

समजावून सांगायचं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे सगळं एका सुरात शिकतात. पाढे, नद्या, महिने, प्रार्थना, एकवीस तोंडांनी एकदम. एखादा अडखळला तर उरलेले वीस त्याला हाताला धरून ओढून नेतात. मी आठवडाभर आधीच तक्ता फळ्याशेजारी खिळ्याला टांगला. छडी एकेका खुणेवर ठेवायची आणि वर्ग ओरडायचा: "वर! डावी! खाली! उजवी! खाली!" दुसऱ्या दिवशी छडीचीही गरज उरली नाही. मला बरं वाटलं. आणि वर मीच म्हणाले, "मंगळवारी डोळ्यांची परीक्षा आहे. पुकारूमीचं नाक कापलं जाता कामा नये."

आमच्या गावात आयनी चालते. आज मी तुझ्या शेतातले बटाटे काढते, उद्या तू माझ्या. मदतीला नाही म्हणणाऱ्याला इथे तोंड दाखवायला जागा उरत नाही. अशा गावातल्या पोरांना परीक्षेची भीती घातली की ती काय करतील, हे मला कळायला हवं होतं. मी काही या डोंगरांना परकी नाही.

मंगळवारी तपासणी झाली. एकवीसपैकी एकवीस पास. मी गावभर सांगत सुटले.

सगळ्यांत पटपट बोलली ती मार्लेनी यामोक्का. अकरा वर्षांची, चौथीत दुसऱ्यांदा बसलेली. उंच, म्हणून तिला मी अगदी मागे बसवलेलं. दोरीच्या टोकाशी उभी राहिली, एक डोळा झाकला, आणि वरून तळापर्यंत घडाघडा सांगून मोकळी झाली. मी कौतुक करायच्या ऐवजी चिडले. म्हणजे हिला सगळं दिसतं! आणि फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की अर्धं गाळते, आकडे उलटेपालटे करते, खिडकीकडे बघत बसते. आळस, दुसरं काय! जुलैच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिलंच होतं: 'लक्ष देत नाही. प्रयत्नच करत नाही.'

त्या दोन वाक्यांनी काय झालं होतं, ते मला माहीत होतं. मार्लेनीची आई किनाऱ्याकडे शतावरीच्या मळ्यात कामाला असते, वर्षातून दोनदा येते. घरात बाप, सातुर्निनो. जुलैच्या सणाला मार्लेनीची मद्रिना गावात आली होती, बाप्तिस्म्याच्या वेळी जिनं तिला हातात धरलं होतं ती. अरेकिपा शहरात राहते. ती सातुर्निनोला म्हणाली होती, "शाळा जमत नाही तर दे माझ्याकडे. घरात हाताशी येईल, माझ्या पोरांना सांभाळेल." सातुर्निनोनं शब्द दिला. शनिवारच्या ट्रकनं मार्लेनी जायची होती.

मीही नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत अशाच एका मद्रिनाच्या घरी होते. त्या घरच्या मुली सकाळी शाळेला निघायच्या आणि मी त्यांचे बूट पुसून दारात मांडून ठेवायचे. एका पाद्रीबाबांनी मला तिथून काढलं म्हणून मी आज बाई आहे. तरीही मार्लेनी जाणार हे ऐकून मी गप्प बसले होते. आळशी मुलीसाठी किती भांडायचं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती.

बुधवारी आरोग्य केंद्राचा माणूस मोटारसायकलवरून कागद घेऊन गेला. तपासलेली मुलं एकवीस, दोष शून्य, खाली माझी लफ्फेदार सही. तक्ता मी गुंडाळून कपाटात ठेवला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी खोलीत परतले तेव्हा मार्लेनी पहिलीतल्या दोन चिमुरड्यांना घेऊन परीक्षा-परीक्षा खेळत होती. हातात माझी छडी. चिमुरड्या ओरडत होत्या, ती छडी फिरवत होती. "वर! डावी! खाली! उजवी! खाली!" आधी मला हसू आलं. छडी बरोबर जागच्या जागी पडत होती, जराही इकडेतिकडे नाही. मग लक्षात आलं की भिंत कोरी आहे. तिथे नुसता खिळा होता.

माझं हसू तिथेच आटलं. चिमुरड्यांना बाहेर पिटाळलं आणि कपाटातून तक्ता काढला.

"मार्लेनी, दाराशी जाऊन उभी राहा. डोळा झाक. म्हण."

"परत परीक्षा, बाई?"

"म्हण."

ती म्हणाली. वर, डावी, खाली, उजवी, खाली. एकही अडखळणं नाही.

माझ्या हातात तक्ता उलटा होता.

मी तो टेबलावर ठेवला. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून क्षणभर पाठ फिरवली. तेही तिला दिसत नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मग मी उजवा हात वर केला. "किती बोटं?"

मग तिनं अंदाज केला, "पाच?"

तीन होती. मी एक पाऊल पुढे गेले, मग आणखी एक. बाकं ओलांडत, बोटं बदलत गेले. तिनं बरोबर सांगितलं तेव्हा आमच्यात तीन पावलांचं अंतर उरलं होतं. माझ्या खुर्चीपासून तिच्या बाकापर्यंत चौदा पावलं आहेत. दोन वर्षं तिला मी तिथे बसवलं होतं.

"तक्ता तुला कुणी शिकवला?"

"युदीनं, माझ्या मैतरणीनं. मला लवकर पाठ होत न्हाई म्हणून तिनं माझ्या तळहातावर काढून दाखवला. मी तिची मेंढरं राखली दोन दिस." ती घाबरली. "बाई, ती चोरी न्हाई. आयनी हाय."

"आणि तुला दिसत नाही हे कधी बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच तिला कळला नव्हता. "मला वाटलं सगळे पाठच करत्यात. फळा बी. तुम्ही बोलता ते सगळ्यांच्या ध्यानात ऱ्हातं, माझ्या न्हाई ऱ्हात. मी जरा मंद हाय ना."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. आपल्याला उंच म्हणतात तसं मंद म्हणतात, एवढंच. मला त्या क्षणी माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

शाळेमागच्या टेकाडावर चढलं तरच फोन लागतो. धापा टाकत मी याकुपाताच्या नर्सला फोन लावला. तिचं म्हणणं सरळ होतं. यादी बंद झाली. डॉक्टर उद्या दुपारी बारापर्यंत आहेत, मग पुढच्या वर्षी. आणि आई किंवा बाप हजर राहून सही देणार नसेल तर पोरीला कुणी हात लावणार नाही. "बाई, तुमच्या शाळेत तर दोष शून्य ना?" असंही तिनं विचारलं. मी फोन ठेवला.

म्हणजे बापाला न्यायला हवं होतं. आणि बाप होता पाटावर.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाट साफ करतात. वर झऱ्यापासून खाली शेतांपर्यंत, प्रत्येक घराला पाटाचा एकेक तुकडा नेमून दिलेला. गाळ काढायचा, दगड लावायचे. अख्खं गाव तिथे असतं, आणि तुकडा पुरा होईतो तिथून कुणी हलायचं नाही, असा नियम. शाळा सुटली की पोरंही मोठ्यांचं जेवण घेऊन वर जातात. शाळा सुटताच मी मार्लेनीचा हात धरून तासभर चढले. ती एकदा म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तुझं नाही." पुढे काही बोलायला दम नव्हता.

सातुर्निनो गुडघाभर गाळात होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस.

"सातुर्निनो, जरा बाजूला या. पोरीचं बोलायचंय."

"हितंच बोला की. माझं चोरून काय हाय?"

आजूबाजूची फावडी थांबली. मी श्वास घेतला. "मार्लेनीला दिसत नाही. लांबचं काहीच दिसत नाही. उद्या बाराच्या आत तिला याकुपाताला डॉक्टरांकडे न्यायला हवं. तुम्हाला सोबत यावं लागेल."

कुणीतरी फिसकन हसलं. एका बाईनं वरून आवाज दिला, "बाई, मक्याची चिचा रिकाम्या पोटी पिऊ न्हाई!" मग सगळेच हसले.

सातुर्निनो हसला नाही. "चाळीस मेंढरं राखती ती. एक बी हरवलं न्हाई आजवर."

"तिला विचारा कशी राखते."

"आवाजावरनं," मार्लेनी खालमानेनं म्हणाली. "आन कुत्रं हाय की."

"परवा तुम्हीच सांगत फिरत होता," सातुर्निनो माझ्याकडे वळला. "एकवीसपैकी एकवीस. सही बी केलीत म्हणं."

"चुकीचं सांगितलं."

"आन जुलैत लिवलंत, परयत्न करत न्हाई, ते?"

"तेही चुकीचं."

"मग बरोबर कधी लिवता तुम्ही? अकरा वरसं झाली येऊन."

यावर गाव पोट धरून हसलं. माझे कान तापले. एरवी मी असल्या बोलण्याला दुप्पट सुनावते, पण तो बोलला त्यात खोटं काय होतं?

"शनवारी ट्रक हाय," तो म्हणाला. "मी कोमाद्रेला, पोरीच्या मद्रिनाला, शबूद दिलाय. आता तुम्हास्नी आयत्या वेळी दया आली म्हणून मी तो मोडू व्हय?" आणि त्यानं फावडं उचललं.

"माझं ऐकू नका," मी ओरडले. "तुम्ही स्वतः बघा! तिकडं जा, वीस पावलं. हात वर करा. तिला विचारा किती बोटं. बरोबर सांगितलं तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन आणि शनिवारी तिची पेटी मी स्वतः ट्रकमध्ये चढवेन."

बोलून गेले, मग सुचलं. अंदाजानं जरी बरोबर निघालं तर?

सातुर्निनोनं फावडं गाळात रोवलं. पाटाच्या कडेकडेनं चालत गेला, वळला, आणि हात वर केला. तीन बोटं. म्हातारा पाटकरी मेलितोन दगडावर बसून कोकाची पानं चघळत होता, तोसुद्धा थांबला. मार्लेनीनं बापाच्या दिशेनं तोंड केलं. तिचे डोळे बारीक झाले. मग तिनं मान थोडी तिरकी केली, जसं आपण काही ऐकायला करतो.

फावडं खडकावर घासल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तीनदा.

"तीन!" मार्लेनी म्हणाली.

"बघा!" वरची बाई ओरडली. टाळ्या पडल्या. सातुर्निनो परत यायला निघाला. मी गर्दीकडे बघितलं. युदी फावड्याला टेकून उभी होती, तोंडावर पुण्य केल्याचं समाधान. ती बारा वर्षांची पोर. तिला वाटलं ती मैत्रिणीला वाचवतेय.

"युदी! फावडं खाली ठेव!"

माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला. टाळ्या थांबल्या.

"तिला अरेकिपाला पाठवायचं काम करतेस तू, कळतं का तुला? आणि तुम्ही सगळी पोरं, ऐका. आता कुणी मदत करायची नाही. खोकायचं नाही, पाय आपटायचा नाही. सातुर्निनो, परत जा!"

पुकारूमीत आजवर कुणी कुणाला मदत करू नका असं सांगितलं नसेल. पोरांची तोंडं पडली. युदीनं फावडं खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते बघून सातुर्निनोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तो परत वीस पावलं गेला आणि हात वर केला.

पाटात अजून पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळे कसलाच आवाज नव्हता. मार्लेनी मान तिरकी करून उभी राहिली. तिनं पोरांकडे तोंड फिरवलं, मग माझ्याकडे. कुणीच इशारा दिला नाही. मला वाटलं पळत जावं आणि तिला कवटाळावं. मी जागची हलले नाही.

"चार?" ती हळूच म्हणाली.

सातुर्निनोच्या हातात बोटं नव्हतीच. त्यानं डोक्यावरची टोपी काढून धरली होती.

कुणी हसलं नाही. तो एक पाऊल पुढे आला.

"दोन?"

आणखी एक पाऊल. "एक?" मग ती रडायला लागली. "पाच? ताय्ता, पाच?" बापाला ताय्ता म्हणतो आम्ही. तो एकेक पाऊल टाकत येत राहिला, टोपी तशीच वर धरलेली, आणि प्रत्येक पावलाला ती एक आकडा म्हणत राहिली. बरोबर उत्तर कुठल्या तरी आकड्यात लपलंय आणि ते आपल्याला सापडत नाही, असंच तिला वाटत होतं. मला ते बघवेना, तरी मी बघितलं. ते बघणं माझ्या नशिबी यायलाच हवं होतं.

तो तीन पावलांवर आला तेव्हा ती थांबली. "टोपी," ती म्हणाली. "टोपी हाय ती."

सातुर्निनोनं टोपी खाली घेतली. बराच वेळ तो तिच्यातल्या आणि त्याच्यातल्या जमिनीकडे बघत उभा राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल असं. "तुमच्या त्या कागदापायी मी तिला मारलं व्हतं. दोनदा."

त्या माराचा अर्धा वाटा माझा होता, आणि तो त्याला माहीत होता.

पाटकरी मेलितोन उठला. "तुकडा पुरा न करता जाशील तर दोन दिसांचं काम अंगावर यील, सातुर्निनो. नेम हाय."

"यीना का."

"यीत न्हाई," मगाचची तीच बाई वरून उतरत म्हणाली. "त्याचा तुकडा आमी काढतो. तू नेम सांग, काम आमी करतो. जा रं तू, सातुर्निनो." आणि ती त्याच्या गाळात उतरलीसुद्धा.

शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही याकुपाताला बटाटे नेणाऱ्या गाडीत पोत्यांवर बसून निघालो. एरवी चार तासांची वाट. दुसऱ्या वळणावर चाक बसलं, आणि ड्रायव्हरचा जॅक दुसऱ्याच कुणी नेलेला. "आयनीत दिला व्हता, बाई," तो म्हणाला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. सातुर्निनोनं आणि त्यानं मिळून गाडीची मागची बाजू ओंडक्यावर चढवली आणि चाक बदललं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मार्लेनी पोत्याला टेकून बसली होती आणि कुणालाच काही विचारत नव्हती.

आरोग्य केंद्रात शिरलो तेव्हा बाराला दहा कमी होते. बाहेरची रांग संपलेली. आत एक तरुण डॉक्टरीणबाई भिंगांची पेटी बंद करत होती.

नर्सनं यादीवरून बोट फिरवलं. "नाव नाही."

"माहीत आहे."

"पुकारूमी, एकवीस तपासले, दोष शून्य." तिनं कागद माझ्यासमोर धरला. "ही सही तुमची ना?"

"माझीच. पण हा कागद चुकीचा आहे. मी मुलांकडून तक्ता पाठ करून घेतला आणि मग तोच तक्ता वापरून तपासलं. एकवीसच्या एकवीस मुलांची पुन्हा तपासणी करायला हवी. तसं मी लिहून देते."

नर्सनं आवाज खाली घेतला. "बाई, विचार करा. हे लिहिलंत तर वर जाईल. चौकशी लागेल. नुसतं 'राहून गेलं' असं लिहा."

'राहून गेलं' लिहिलं असतं तर मार्लेनीचं काम झालं असतं आणि माझंही. पण उरलेल्या वीस मुलांत आणखी एखादी मार्लेनी असेल तर? मागच्या बाकावर अजून दोन मुलं बसतात. मी पेन मागितलं आणि जे झालं तेच लिहिलं, आणि खाली सही केली. ह्या वेळी लफ्फा जमला नाही.

डॉक्टरीणबाईनं ते वाचलं, घड्याळ बघितलं, आणि पेटी उघडली. "बापाची सही घ्या. ये गं, बस."

तिच्याकडे एक सुटी पाटी होती, एकच खूण असलेली, ती हातात फिरवायची. मार्लेनीला पाठ करायला काही नव्हतंच. पहिल्यांदा ती गप्प बसून राहिली आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, "दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हण. ते पण बरोबर उत्तर आहे." मार्लेनीनं माझ्याकडे तोंड वळवलं, खरंच का, अशा अर्थानं. मी म्हटलं, "खरंच."

"दिसत न्हाई," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "दिसत न्हाई."

नाकावर एक जड गोल चौकट बसवून डॉक्टरीणबाई एकेक भिंग सरकवत गेली. एक काढ, दुसरं घाल. मार्लेनी उत्तरं देऊ लागली, आधी चाचरत, मग भरभर. "उणे आठ," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "शाळेत कधीपासून आहे?"

"पाच वर्षं."

तिनं पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"आता ही चौकट अशीच ठेव आणि खोलीत जरा फिरून बघ. गरगरतंय का सांग."

मार्लेनी खुर्चीतून उतरली. दोन्ही हातांनी चौकट धरून वळली. सातुर्निनो पलीकडे दाराशी उभा होता, टोपी हातात, पँटवर कालचा गाळ वाळलेला. मधे सगळी खोली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की तो अवघडला आणि पाय बदलून उभा राहिला.

"ताय्ता," ती म्हणाली, "तुमी एवढ्या लांबनं बी माझ्याकडं बघता?"

"बघतो की."

"रोज?"

"रोज."

तिनं मान हलवली. एवढी वर्षं तिच्यासाठी तीन पावलांपलीकडे तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतंच, हे मला तेव्हा समजलं. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

"चष्मा तीन आठवड्यांनी येईल," डॉक्टरीणबाई पेटी आवरत म्हणाली. "मुलगी इथेच असेल ना? नाक-कानावर बसवून बघावा लागतो."

सातुर्निनो बाहेर अंगणात गेला आणि खिशातून फोन काढला. दार उघडंच होतं. पलीकडून त्याच्या कोमाद्रेचा आवाज इतका चढला की त्यानं फोन कानापासून लांब धरला आणि ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"न्हाई, कोमाद्रे," तो म्हणाला. "उद्याच्या ट्रकनं न्हाई, फुडच्या बी न्हाई. आजारी न्हाई ती. तिला सोमवारी शाळा हाय."